उद्या सांगते

माणसांची पावलं अजून रानात पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्यावर भांडण झालं की सगळे तानीआजी नावाच्या म्हाताऱ्या साळिंदरीकडे यायचे. तिचा शब्द वाघसुद्धा मोडत नसे.

पुढे सगळ्यांनी मिळून गव्याला पुढारी केलं. त्याने बिबट्याला पळवून लावलं होतं, म्हणून रान त्याच्यावर जीव टाकायचं. एके दिवशी तो गरजला, "ससे पाणी गढूळ करतात. त्यांना पाणवठा बंद!" रानाने जयजयकार केला.

सशीण पिल्लांना घेऊन तानीआजीकडे आली. "आजी, पाणी तर त्याच्याच खुरांनी गढूळ होतं. तुम्ही रोज बघता."

आजी बघत होतीच. पण तेवढ्यात गवा येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे अख्खं रान. तो गोड आवाजात म्हणाला, "निकाल तुमचाच, आजी. फक्त मी बोलतो ते या सगळ्यांचं म्हणणं आहे, एवढं ध्यानात असू द्या."

आजीने गर्दीकडे पाहिलं. "विचार करायला हवा," ती पुटपुटली. "उद्या सांगते."

मग ती रोज हेच म्हणत राहिली. शेवटी तहानलेले ससे रान सोडून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात गव्याने हरणांना पाणवठ्यावर अडवलं. हरणांचा कळप आजीच्या बिळासमोरून मुकाट्याने रान सोडून चालला होता. आजी धावत बाहेर आली. "अरे, थांबा! मी आत्ता निकाल देते."

एक म्हातारी हरणी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. "राहू द्या, आजी. तुम्हाला कशाला उगाच अडचणीत टाकायचं?"

आजीची मान खाली गेली. कुणी तोंडावर भित्री म्हटलं असतं, तरी तिला इतकं लागलं नसतं.