आंबेघोळचं फोडलेलं तळं

पाव्हणं, हा बांध मधोमध तुटलेला दिसतो ना, तो पाण्यानं तुटलेला नाही. गावच्याच लोकांनी आपल्या हातानं फोडला, असं जुनी माणसं सांगतात.

तेव्हा इथं रंगराव जहागीरदार होते. गळ टाकून बसायचा त्यांना भारी नाद. पण गावची मासळी वीतभर. तिला ओढण्यात त्यांना मौज वाटेना. म्हणून त्यांनी म्हणे साता समुद्रापलीकडचे मासे आणवले आणि या तळ्यात सोडले. मासे देखणे, अंगभर ठिपके. सगळं गाव बघायला लोटलं.

ठकूबाई भोईण तेवढी लांब उभी राहिली. या तळ्यावरच तिच्या वस्तीचं पोट होतं. तिनं एवढंच विचारलं, "हे खात्यात काय?"

"पाण्यावर जगतात," जहागीरदारांचा कारभारी हसून म्हणाला.

ठकूबाईला ते पटलं नाही. तिनं एक नवा मासा धरून घंगाळात गावच्या मासळीच्या पिल्लांबरोबर सोडला. दुसऱ्या दिवशी घंगाळात तो एकटाच होता. पोट टम्म फुगलेलं, तरी तोंडातून एक शेपूट लोंबत होती.

ते घंगाळ तिनं जहागीरदारांपुढं नेऊन ठेवलं.

"मोठा मासा लहानाला खायचाच," ते म्हणाले.

"आपलाबी खातो, सरकार. पर पोट भरलं की थांबतो. ह्यो थांबत न्हाई."

तिचं कुणी ऐकलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता. हे तळं भरलं की पाणी खालच्या तळ्यात उतरतं, तिथून नदीला. ठकूबाईनं वस्ती गोळा केली. तळं फोडायचं म्हटल्यावर तिचा लेक भिवाच आडवा आला.

"आये, मग आपुन खायाचं काय?"

"खालचं तळं राह्यलं तर खाऊ," ती म्हणाली, आणि पहिली कुदळ तिनंच घातली.

पाणी खालच्या तळ्याकडं न जाता पलीकडच्या कातळावर पसरलं, उन्हानं आटलं. मासे तडफडून मेले. वस्ती उपाशी होती, पण त्यातला एकही मासा कुणाच्या चुलीवर चढला नाही. जहागीरदारांनी पुढं दोनदा बांध घातला. दोन्ही वेळा तो याच जागी आपोआप फुटला म्हणे. आपोआप की कसा, ते मला विचारू नका.

लोक ठकूबाईच्या पाया पडायला आले, तर ती म्हणाली, "एखादा राह्यला आसंल."

आजही हंगामाची पहिली मासळी खालच्या तळ्यातून निघाली की भोयांतली सगळ्यांत वडील बाई काठावर बसते. सर्वांत मोठ्या माशाचं पोट चिरून ते पिल्लांनी ठासून भरलंय का ते बघते. तोवर गावात मासळी शिजत नाही. सगळे तिच्या तोंडाकडं बघत असतात. तो मासा "न्हाईच" असं ती कधीच म्हणत नाही. म्हणते, "औंदा दिसला न्हाई."