मघाची कट्टी

"राग गिळता येतो, बुवा. पण मारायचा कसा?"

भिकाजीबुवा गोवऱ्या रचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिवाकर गावंडे मठात येऊन तीन आठवडे झाले होते आणि रोज सकाळी तो हाच प्रश्न घेऊन उभा राहत होता. रागीट माणूस. एकुलता एक, आईबापांनी तळहाताच्या फोडासारखा जपलेला. अकरा महिन्यांपूर्वी कुंदाने, त्याच्या बायकोने, त्याची लहानपणीची बॅट भाच्याला खेळायला दिली. न विचारता! त्यावरून तो नको ते बोलला. कुंदा माहेरी निघून गेली. याने फोन केला नाही, तिनेही केला नाही.

"मला मंत्र द्या," तो म्हणाला. "राग मेला की तिला आणायला जाईन."

"आज रविवार हाय," बुवा म्हणाले. "रोडगे कराचे हायेत. मैनासंगं बस. कनकीचे वीस गोळे कर. मंग बोलू."

मैना म्हणजे मठात स्वयंपाक करणाऱ्या सरूबाईंची नात. वय वर्षं पाच. परातीपाशी ती आधीच कोपरापर्यंत कणकेत होती.

दिवाकरने बाह्या सरसावल्या. त्याचं काम नेटकं. एकसारखे, गुळगुळीत गोळे, ताटात ओळीने. सात झाले.

मैनाने तिसऱ्याचा लचका तोडला आणि स्वतःच्या गोळ्याला चिकटवला.

"हात लावू नकोस. ते माझे आहेत."

"कनिक तं एकच हाय ना!"

तिने पाचव्याला बोटाने दोन डोळे पाडले. मग सातवा चपटा केला, आणि वर हसली. दिवाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षांची पोर, पण तेवढ्यापुरती ती त्याला जन्माची वैरीण वाटली. तिने इतका वेळ खपून एक चिमणा घडवला होता, वाकड्या चोचीचा. दिवाकरने तो उचलला आणि मोरीत फेकला.

मैना किंचाळली. मूठभर पीठ त्याच्या तोंडावर आलं.

"माहा चिमना होता तो! तू लहानपनी कोनासंगं खेळला नाई का?"

"घरात कोणी नव्हतंच!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने, की सरूबाई पळी घेऊन दारात आल्या.

मैनाने करंगळी पुढे केली. "कट्टी. जलमभर."

...

"पोरीला आवरा, बुवा. नाहीतर मी आजच जातो."

"जाय ना," बुवा म्हणाले. "पन रोडगे भाजू दे."

त्यांनी सगळे गोळे, वाकडे आणि सरळ, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत सोडले आणि वरून राख ओढली.

दिवाकर भिंतीला टेकून बसला. पिठाने पांढरा, आतून लाल. मनात वाक्यं जुळवत होता, एकापेक्षा एक बोचरी. कुंदासाठीही तो अकरा महिने अशीच वाक्यं जुळवत आला होता.

त्याला शाळेतला सुहास इंगळे आठवला. चौथीत रबरावरून कट्टी झाली होती. ती दहावीपर्यंत टिकली. शाळा सुटली की सुहास त्याच्या घरी, हा आपल्या घरी. घरी याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, खेळणी सगळी याचीच. संध्याकाळी ज्याच्याशी भांडलो, त्याच्याच पांघरुणात रात्री पाय घालायचे, असं त्याच्या नशिबी कधी आलंच नाही. सुहास आता कुठे राहतो, हेही त्याला माहीत नव्हतं.

खमंग वास सुटला. बुवा काठीने रोडगे उलटत होते.

मग पावलं वाजली.

मैना. हातात राख लागलेला गरम रोडगा, या हातातून त्या हातात उडवत. तिने तो फ्रॉकला पुसला, फोडला, एका अर्ध्याचा घास घेतला आणि तेच अर्धं त्याच्यापुढे धरलं. दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"घे. तूप आतमंदी हाय."

दिवाकर बघत राहिला. "आपली कट्टी आहे ना?"

"ते तं मघाची."

"जन्मभर म्हणालीस!"

तिला काही कळेना. एवढा मोठा माणूस, आणि याला एवढंही ठाऊक नाही.

"मग आता राग गेला तुझा?"

"नाई. माहा चिमना फेकला तू." ती त्याच्या शेजारी टेकून बसली. "पन भूक लागली ना."

...

चाळीस वर्षांत दिवाकरने कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. कुंदाचंही नाही.

त्याने घास घेतला. राख दाताखाली करकरली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिच्यासमोर आल्याचाही त्याला राग आला.

"माह्या भागातलं कमी खाय," मैना म्हणाली.

"तूच दिलंस ना?" तो खेकसला.

दोघंही खात राहिले.

बुवांनी फडकं पसरलं. त्यावर चार रोडगे ठेवले. एकाला डोळे होते.

"कुंदाच्या गावची गाडी कवा हाय?"

"सव्वाबाराला." दिवाकर चटकन उठला, आणि तसाच उभा राहिला. "पण बुवा... माझा राग अजून तसाच आहे. मंत्र तर तुम्ही दिलाच नाही."

बुवांनी फडक्याची गाठ मारली आणि ते त्याच्या हातात दिलं. अजून गरम होतं.

"तिचाई गेला नसन. भांडण होईन..." बुवा म्हणाले. "जेवल्याबिगर उठू नको."