बारकीचा घास

“काठी काढ आधी पाण्यातनं!”

“नाही काढायचो, आक्का. आज कुणीही सांगू दे.”

गुरूला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा हा धोंडीराम. पोलिसात हवालदार होता. नोकरी संपली, मागोमाग बायको गेली, तेव्हा मन शांत करायला म्हणून भागीरथीआक्कांच्या मठात येऊन राहिला. मन व्हायचं तेव्हा शांत होईल. आवाज अजून चौकातलाच होता.

भांडण पेटलं होतं एका मासोळीवरून.

बदली झालेल्या कुणा भक्ताने जाताना आपली काचेची टाकी मठाच्या ओसरीवर आणून ठेवली होती. तिच्यात पाच दांडगे सोनेरी मासे आणि एक बारकी. बारकीचा एक पर तुटका. दाणे पडले की ते पाच तुटून पडायचे. ही दगडाआडून निघेपर्यंत पाणी साफ. पोट खपाटीला गेलं होतं तिचं.

धोंडीरामने तिला वेगळ्या पातेल्यात ठेवून पाहिलं. तिथे तर तिने दाण्याला तोंडच लावलं नाही. एकटी पडली आणि कडेला नाक घासत थरथरत राहिली. शेवटी त्याने तिला परत टाकीत सोडलं, आणि हवालदाराला जे येतं ते केलं. वेळूच्या काठीच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि ती पाण्यात घातली.

“हा काय मोर्चा आहे, पांगवायला?” आक्का म्हणाल्या.

“दरोडेखोर आहेत लेकाचे! तिच्या तोंडचा घास काढतात, आणि तुम्ही जप करत बसता. ही मेली ना आक्का, तर मी इथं राहायचो नाही. सांगून ठेवतो. दुबळ्याला जिथं घास मिळत नाही, तिथं कसला देव आणि कसलं काय!”

“बरं. चालव काठी. मी बघते.”

त्याने दाणे टाकले, काठी घुसळली. पाची जण दूर झाले, काठीला वळसा घालून परत आले. दाणे गट्ट.

“बारकी कुठाय?”

धोंडीराम वाकला. दगडाच्या पार मागे, काचेला चिकटून...

“काठी कुणासाठी उचललीस?”

“तिच्यासाठी.”

“मग सगळ्यांच्या आधी तीच का पळाली?”

धोंडीराम ओरडला. “मग तुम्हीच भरवा!”

आक्कांनी हात पुढे केला. त्याला वाटलं, दाण्यांची डबी मागतायत. त्यांनी काठी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग डबी घेतली. थोडे दाणे पेल्यातल्या पाण्यात भिजत घातले, आणि चिमूटभर कोरडे सरळ त्या पाच दांडग्यांच्या पुढ्यात टाकले.

“आक्का! त्यांनाच?”

“जेवू दे की. पोटं त्यांनाही आहेत.”

पाण्यात झुंबड उडाली. आक्कांनी आणखी एक चिमूट तिथेच सोडली. पाची तोंडं तिथे गुंतली, तसा आक्कांचा डावा हात गुपचूप टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेला. भिजून जड झालेले दाणे दगडामागे हलकेच उतरले आणि तळाशी बसले.

“आता मागे सर. तुझी सावली पडतेय.”

“मी काही करत नाहीये...”

“तेच कर. पण मागे उभं राहून कर.”

तो सरला.

बराच वेळ काही झालं नाही...

मग दगडाआडून एक नाक आलं. दाण्याला लागलं, मागे गेलं. पुन्हा आलं... दाणा तोंडात. थुंकला. पुन्हा तोंडात घेतला... आणि गेला. आत गेला! त्यावर दुसरा. त्यावर आणखी एक.

धोंडीराम मटकन खाली बसला. त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि पोरासारखा हसला.

“खातीय, आक्का... खातीय बघा!”

“बघतेय. ओरडू नकोस.”

पण गप्प राहील तर हवालदार कसला!

“हे झालं चांगलं, नाही म्हणत नाही. पण हा न्याय नव्हे, आक्का. त्या पाच जणांना अद्दल कुठं घडली? उलट मेजवानी झाली त्यांची! कुणीतरी दम भरायला नको त्यांना?”

आक्कांनी डबीचं झाकण लावलं. बारकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“भूक तिची होती, धोंडीबा. भांडण तुझं होतं.”