महाराज शिडाच्या टोकावर

शीड तर चढलं पाहिजे, पण ते महाराजांच्या डोक्याच्या वर जाता कामा नये! माडबंदरच्या भैरोजीराजांनी असा हुकूम काढला आणि अख्ख्या कोळीवाड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

नारळी पुनवेला महाराजांनी आपल्या एकट्याच्या होडक्यातून खाडीच्या मुखाशी जायचं, दर्याला नारळ द्यायचा आणि मगच बाकीच्या होड्या पाण्यात लोटायच्या, अशी तिथली रीत. थोरले महाराज बिचारे वल्हं मारत जायचे. भैरोजीराजे म्हणाले, "वल्हं मारायला मी काय हमाल आहे? मी शिडाने जाणार!"

बरं, राजाच्या डोक्यावर काही असू नये हा त्यांचा जुनाच हट्ट. दरबारी मंडळी त्यांच्यासमोर उकिडवी चालत. छत्रीवाला छत्री पोटाशी धरून पुढे चाले आणि महाराज मागून भिजत येत. वाड्याच्या छताला दिवाणजींनी खास परवाना दिला होता. आभाळाचं प्रकरण अजून विचाराधीन होतं.

होडक्याला शीड नि दोर चढवायचं काम पोशा नाखव्याकडे आलं. त्याने हात जोडून सांगितलं, "महाराज, शीड डोक्याच्या वरच असतं. खाली पसरलं तर ती वाकळ!"

झालं! पोशाची रवानगी मिठाच्या कोठारात. पुनवेला होडकं शिडाने निघालं नाही, तर पोशा वर्षभर आत आणि होड्या वर्षभर काठावर!

मग दिवाणजींनी स्वतःची अक्कल पाजळली. डोलकाठी गुडघ्याएवढी कापली आणि तिला पंचाएवढं शीड बांधलं. होडकं जागच्या जागी गरगर फिरलं आणि महाराजांना भोवळ आली. मग आखूड डोलकाठी काढून पुन्हा उंच बसवली आणि महाराजांनाच गाद्यांच्या चळतीवर चढवलं. होडकं कलंडलं, महाराज चिखलात पडले आणि त्यांच्या डोक्यावर एक खेकडा चढून बसला. खेकड्याला हद्दपार करण्यात आलं.

पोशाची लेक चांगुणा रोज कोठारात बापाला भाकरी नेऊन देई. घरातले सुके बोंबील संपले होते, बाप खोकत होता आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. पुनवेच्या आदल्या दिवशी ती भाकरी घेऊन निघाली, तेव्हा वाटेवरच्या दरबारात उकिडवी माणसं रिकाम्या गादीला मुजरे करताना दिसली. गादी अगदीच रिकामी नव्हती म्हणा. महाराज दुपारी झोपले की तिथे त्यांची पगडी ठेवत आणि कारभार तिच्यापुढे चाले. एकदा चुकून त्या पगडीकडे पाठ केली म्हणून पोशाला भर दरबारात उठाबशा काढाव्या लागल्या होत्या. त्या दिवशी चांगुणा रडली होती. आज मात्र तिला खुदकन हसू आलं.

पुनवेच्या सकाळी ती थेट किनाऱ्यावर महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, शीड मी चढवते. पन आधी मना एक सांगा. दुपारी गादीवर पगडी असते, ती कोन?"

"कोण म्हणजे? मीच! पगडी तिथे मी!"

"नि बिनपगडीचं डोकं?"

"ते कुणाचंही असतं! पगडीशिवाय राजाला कोण विचारतो?"

"तसा कायदाच आहे," दिवाणजी उकिडवेच बोलले.

"मंग द्या ती इकडं!"

चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिने शिडाच्या वरच्या बांबूच्या टोकाला पगडी करकचून बांधली, महाराजांना होडक्यात बसवलं आणि दोर त्यांच्या हाती दिला. "ओढा!"

महाराजांनी दोर ओढला. शीड सरसर वर गेलं आणि पगडी पार डोलकाठीच्या वर जाऊन झुलू लागली. किनाऱ्यावरच्या साऱ्यांनी माना वर करून मुजरा ठोकला.

"आता बघा! महाराजांच्या डोक्यावर काय हाय? काय नाय!"

"अगं, पण मी इथे खाली आहे!"

"तू? तू खलाशी! बडबड नको करूस, दोर धर!"

"मला अरेतुरे? दिवाणजी, धरा हिला!"

दिवाणजींनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि घाम पुसला. "हुकूम वरून आला पाहिजे. खलाशाच्या सांगण्यावरून कसं कुणाला धरू?"

तेवढ्यात वारा फिरला, शिडाचा खालचा बांबू गर्रकन वळला आणि महाराजांच्या टकलावर टण्‌कन बसला.

"राजाच्या डोक्यावर घाव!" महाराज ओरडले.

"राजे तर वर मजेत हायेत," चांगुणा म्हणाली. "खलाशाला लागलं. खलाशाला लागायचंच!"

महाराजांनी टक्कल चोळत वर पाहिलं. वाऱ्यावर पगडी ऐटीत डुलत होती. त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला, मग पोट हललं आणि मग ते इतके खदखदून हसले की होडकं हिंदकळायला लागलं.

"शाब्बास पोरी! बक्षीस काय देऊ?"

"ते खलाशाला कुठलं द्यायला जमतंय? महाराजांनाच इचारते!" चांगुणाने डोलकाठीला कान लावला. "महाराज म्हनतात, पोशा नाखव्याला सोडा, त्याच्या लेकीला सोन्याच्या पाटल्या द्या. नि खलाशाला सांगा, वारा पडायच्या आत नारळ टाकून ये, लोकांच्या होड्या खोळंबल्यात!"

"जशी महाराजांची आज्ञा!" भैरोजीराजांनी पगडीला कडक मुजरा ठोकला आणि हसतहसतच दोर ओढला. शीड फुगलं, होडकं सुटलं आणि खाडीच्या मुखाशी नारळ दर्यात पडला. कोठारातून सुटून आलेला पोशा, अंगाचं मीठ झटकत, पहिली होडी पाण्यात लोटायला धावला. दिवाणजी मात्र अजून उकिडवेच होते. कारण उठा म्हणायला महाराज किनाऱ्यावर होतेच कुठे!