दळवी मास्तरांचा कौल

“...म्हंजे हेच्या भायर कायच घडूचा नाय?” वहीवरची नजर न काढता सदबा गुरवांनी विचारलं.

“घडूच शकत नाही,” दळवी मास्तर म्हणाले. “देवाला लावायच्या पाकळ्या दोन. उजवी आधी पडेल, डावी आधी पडेल, दोन्ही एकदम पडतील, नाहीतर एकही पडणार नाही. झाल्या चार शक्यता. एकही सुटलेली नाही.”

कौल लावायला लोक नारळ घेऊन येतात, मास्तर वही घेऊन आले होते. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. एक शक्यता सुटली की अख्खं उदाहरण चुकलं, हे त्यांनी इतक्या पोरांच्या डोक्यात हाणलं होतं की आता देवालाही सूट नव्हती.

देवळाच्या पायरीवर त्यांची थोरली लेक वृंदा बसली होती. आठ दिवसांपूर्वी ती नेसत्या साडीनिशी सासरहून निघून आली. दंडावरचे वळ बघून आई रडली, मास्तरांनी मान फिरवली. त्यांना लेकीची दया येत नव्हती असं नाही. पण दयेपेक्षा भीती मोठी होती... गावाची, आणि धाकटीच्या ठरत आलेल्या लग्नाची.

सदबांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणावर चिकटवल्या.

“उजवी पडली तर?”

“आजच हिला सासरी पोचवतो.”

“डावी?”

“मग सोमवारी. तोवर चार दिवस राहील.”

“दोनय येकदम पडल्यो तर?”

“जावईबापूंना निरोप धाडतो. ते येऊन घेऊन जातील.”

“आणि येकव नाय पडली तर?”

“मग देवाची हरकत नाही असं समजायचं... आणि पाठवायची.”

सदबांनी वहीचं पान उलटून पाहिलं. मागे कोरंच होतं.

“हेच्यात पोर घरी ऱ्हवता, ता खंय लिवलात?”

“ते...” मास्तर अडखळले. “ते कसं शक्य आहे? जे शक्य आहे तेच लिहायचं असतं.”

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, आपला आवाज फारच मोठा लागला. पायरीपर्यंत नक्की गेला असणार. तिच्याकडे वळून बघायची काही त्यांची हिंमत झाली नाही, आणि त्याचाच त्यांना राग आला.

“घाला ना एकदाचं देवाला गाऱ्हाणं!” ते म्हणाले.

सदबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. हात पुढे केला आणि दोन्ही पाकळ्या अंगठ्यानं ओढून काढल्या.

मास्तर ताडकन उठले. लावलेल्या पाकळीला गुरवानं बोट लावलेलं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

“हे काय केलंत, सदबा? देवाचा कौल मोडलात तुम्ही!”

सदबांनी वही मिटून मास्तरांच्या हातात दिली.

“माज्या लेकीच्या येळाक मीयाव चारच मोजलंय, मास्तर,” ते म्हणाले. “पाचवी आमी विहिरीतसून वर काडली.”