गुरुजींच्या बुडाखालचे पान

ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर माफ करा. माझी शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात.

फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींच्या पिल्लांची शाळा होती. राघू गुरुजी रोज घोकून घेत, "आधी गाठ, मग वीण!" विहिरीवर राहणाऱ्या खंड्या पक्ष्याने दोन हंगाम समोर बसून पाहिले आणि एका पानावर लिहून आणले : नुसते घोकणाऱ्यांची घरटी गळून पडतात, जी पिल्ले गुपचूप स्वतः गाठ बांधतात, चुकली की सोडवून पुन्हा बांधतात, त्यांची टिकतात.

"वा! फार उपयोगी!" म्हणत गुरुजींनी पान बुडाखाली घेतले आणि घोकणे पुढे चालू केले.

परीक्षेत पिंगी नावाच्या पिल्लाची गाठ सुटली. "ढ आहेस तू! उद्यापासून येऊ नकोस," गुरुजी ओरडले.

खंड्या संतापला. "तिच्या चोचीत काडी आज पहिल्यांदा दिलीत, गुरुजी! ढ कोण, ते तुमच्या बुडाखाली लिहिले आहे. उठा आणि वाचा!"

गुरुजी उठले नाहीत. पिंगी गेली.

ही गोष्ट लिहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीच्या शाळेत गेलो. तिलाही तिथे ढ म्हणतात. गोष्टीचा कागद तिच्या गुरुजींच्या टेबलावर ठेवला नाही. हातात दिला, आणि ते वाचेपर्यंत उभा राहिलो.