सात वेळा बुजवलेली नाव

“पण पाणी येतं कुठून, तेवढं सांगा!”

गंगाराम मेस्त्री होड्या बांधायच्या आपल्या मांगरात, खाडीकाठच्या खोपटात, बसले होते. रंध्याचं पातं दगडावर घासत राहिले. ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्यानं कालावलच्या खाडीत किती होड्या उतरवल्या, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

विचारणारे होते श्रीधर आठल्ये. वीजखात्यात चौतीस वर्षं साहेबकी केलेले. ‘मला कळत नाही’ हे शब्द या गृहस्थांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते, आणि आजही त्यांनी ते मोठ्या शिताफीनं टाळले होते.

त्यांच्या मांडीवर दोन फुटी लाकडी नाव होती. रिमोटवर चालणारी. जुन्या बाजारातून घेतली तेव्हा तिची मोटर जळालेली होती आणि सुकाणू तुटलेलं. आता मोटर नवी, बॅटरी नवी, तारा नव्या. बटण दाबलं की मागचा पंखा भिंगरीसारखा फिरे. एकहाती केलं होतं सगळं.

फक्त पाण्यात सोडली की ती गळे.

“सात वेळा फटी बुजवल्यात,” आठल्ये म्हणाले. “आतून, बाहेरून. परदेशी मसाला आहे. सुकला की दगड होतो दगड.”

“दगड केल्यात तर बुडतलीच,” मेस्त्री म्हणाले.

आठल्यांना हे मुळीच आवडलं नाही.

मेस्त्रींनी पातं बाजूला ठेवलं. “पाण्यात किती येळ ठेवतास?”

“पाणी आत दिसलं की लगेच काढतो.”

“म्हंजे किती?”

“अर्धा मिनिट... नाहीतर त्याहून कमी. पहिला थेंब दिसला की उचलतो, कोरडी करतो, परत मसाला भरतो.”

“सातव येळा?”

“सातही वेळा.”

मेस्त्री हसले. मग म्हणाले, “सगळो काढा.”

“काय सगळं?”

“मसालो. खरवडून काढा. मगे येवा.”

आठल्ये तणतणत घरी गेले. अडाण्याच्या नादी लागलो, असं वाटेत दोनदा स्वतःशी म्हणाले. पण घरी पोचल्यावर ब्लेड शोधलं आणि खरवडायला बसले, कारण दुसरं करायला काही नव्हतं. घर म्हणजे तीन खोल्या आणि एक माणूस. पत्नी निर्मलाबाई जाऊन अकरा महिने झाले होते.

चार दिवस ते खरवडत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तांडेल वहिनींनी दार वाजवलं, सोलकढी आणली होती. “ठेवा तिथंच, घेतो,” आठल्ये आतूनच म्हणाले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. संध्याकाळी आठल्यांनी भांडं आत घेतलं तेव्हा मुंग्या लागल्या होत्या. त्या रात्री त्यांना फार एकटं वाटलं, आणि त्याचा रागही आला.

पाचव्या दिवशी नाव घेऊन ते पुन्हा मांगरात आले. बोटांची सालं गेली होती.

मेस्त्रींनी फळ्यांवरून अंगठा फिरवला. मान हलवली. मग तेलात भिजवलेला कापूस पुढं सरकवला आणि बोथट पटाशी हातात दिली.

आठल्ये फटींत कापूस ठासू लागले.

“हळू,” मेस्त्री म्हणाले. “लाकडाक हलूक जागा व्हयी.”

“हलू द्यायची? मग गळणार नाही का?”

मेस्त्रींनी कापसाची पुढची वळी पुढं केली.

दुपार कलली तेव्हा काम झालं. “मोटर काढा,” मेस्त्री म्हणाले. “बॅटरी, तारा, सगळा.”

आठल्यांनी एकेक स्क्रू सोडवला. आतलं सामान निघालं तसा नावेचा नुसता सांगाडा उरला, आणि त्यांना उगाच ओशाळल्यासारखं झालं.

खाडीकाठी एक जुना रिवाज आहे. बरेच दिवस काठावर सुकलेली होडी कुणी थेट पाण्यात लोटत नाही. आधी दगड भरून ती उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. मगच होडी तरंगायच्या लायकीची होते. काठावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. चौतीस वर्षं साहेबकी केलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

म्हणून मेस्त्रींनी नावेत चार दगड ठेवून ती पाण्याच्या कडेला चिखलात टेकवली, तेव्हा आठल्ये ओरडलेच.

“अहो, बुडेल ती!”

“बुडूक द्या.”

“मी ती बुडवायला नाही आणली. पाण्यावर चालवायला आणली.”

“म्हणानच बुडवतंय.”

भरती लागली होती. दोघं काठावरच्या ओंडक्यावर बसले. पाणी हळूहळू नावेच्या कुशीला लागलं आणि आत, तळाशी, पहिला थेंब उमटला.

आठल्ये ताडकन उठले.

मेस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून बळ होतं. आठल्ये बसले.

“ही कोणासाठी केल्यात?” मेस्त्रींनी विचारलं.

“कुणासाठी नाही. छंद आहे माझा.”

“बरा.”

पाणी आत येत होतं. एका फटीतून, मग दुसरीतून. आठल्यांना ते बघवेना. ते पुन्हा उठले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन बसले.

पाणी आतल्या दगडांच्या माथ्यापर्यंत आलं.

“निर्मलासाठी,” आठल्ये म्हणाले. “बाजारात तिनंच बघितली होती ही. म्हणाली, घेऊ या, देवळाच्या तळ्यात सोडू. मग ती आजारी पडली.”

मेस्त्री पाण्याकडे बघत होते.

“आतल्या खोलीतून विचारायची, झाली का हो नाव? मी म्हणायचो, उद्या होईल. पाच महिने उद्या म्हणत होतो.”

“तुमी खंय होतास?”

“बाहेरच्या खोलीत. या नावेवरच काम करत होतो.”

“पाचव महिने?”

आठल्ये बोटाचं सोललेलं साल ओढत राहिले. खाडीपलीकडून कुणीतरी कुणाला हाक मारली.

“जाऊन बसायचो तिच्यापाशी,” ते म्हणाले. “नाही असं नाही. पण ती हात हातात घ्यायची, आणि माझे डोळे भरून यायचे. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं मी. मग उठायचो. तार जोडायची राहिली आहे म्हणायचो, आणि बाहेर यायचो.”

“ती काय म्हणा?”

“काही नाही. या म्हणायची, करून या.”

नाव आता काठोकाठ भरली होती. ती एकदा कलली आणि मग संथपणे खाली बसली. वर एक बुडबुडा आला, तेवढाच.

“ती गेली तेव्हाही मी बाहेर होतो, मेस्त्री. पंखा बसवत होतो. एवढा एक स्क्रू राहिला होता. तिनं हाक मारली होती... आलो म्हटलं, आणि तो स्क्रू आवळून मग गेलो.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या कडा भरल्या.

आठल्ये घाईघाईनं उठले. “हात तेलकट झालेत,” ते पाठमोरे होत म्हणाले. “जरा धुऊन येतो.”

मेस्त्रींनी या वेळी मनगट धरलं नाही. मान वळवून पाहिलंही नाही. बसले होते तिथून थोडं बाजूला सरले आणि ओंडक्यावरची जागा तळहातानं पुसली.

“बसा, सायबानू,” ते म्हणाले. “आज खंयच जावचा नाय.”